पोटाच्या दुखण्याची घरची शुश्रूषा: वही, पेज आणि वेळेवर निघणं

पोटाच्या दुखण्याचा रोगी दवाखान्यात दोन-तीन दिवस असतो आणि घरी दोन-तीन आठवडे. म्हणजे खरा वॉर्ड आपली पडवी नाहीतर माजघर, आणि खरी नर्स घरातली सून, मुलगी, किंवा मुंबईहून रजा टाकून आलेला चाकरमानी. हे लिहिलंय ते त्यांच्यासाठी. कोकणातल्या ग्रामीण रुग्णालयातल्या नर्सच्या नोकरीत मी एक गोष्ट सतत बघत आले: रोग्याच्या पोटात काय जावं याची काळजी घरची माणसं जिवापाड करतात, पण पोटातून बाहेर काय आलं ते कोणी बघत नाही. डॉक्टर विचारतात, "लघवी शेवटची कधी झाली?" आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. पोटाच्या आजारात अर्धं निदान तिथेच असतं.

आधी वही घ्या

शाळेची साधी वही पुरते. उशाशी ठेवा, पेन दोऱ्याने बांधून टाका, नाहीतर ते पहिल्याच दिवशी गायब होतं. लिहायचं फार नाही: वेळ, आत काय गेलं, बाहेर काय आलं. एक पान असं दिसेल:

स. ६.१० – शौच पातळ, पिवळी, वाटीभर. रक्त नाही.
स. ६.३० – ओआरएस एक पेला, हळूहळू.
स. ७.०० – उलटी. प्यायलेलं पाणीच.
स. ८.४५ – लघवी थोडी, गडद.
स. ९.०० – पेज अर्धी वाटी. पोटात राहिली.
स. १०.०० – ताप १००.४. बीपीची गोळी दिली नाही, डॉक्टरांना विचारायचं.

घरातला एक स्टीलचा पेला आणि एक वाटी औषधाच्या मापाने एकदा मोजून घ्या, म्हणजे "दोन पेले" म्हणजे नेमके किती मिली ते कळेल. शौचाचा रंग, घट्टपणा, आव किंवा रक्त, आणि लघवीचा रंग यांना एकेक शब्द पुरे. रात्री जागणारा माणूस बदलतो, वही बदलत नाही. सकाळी "रात्रभर बरा होता" असं सांगणाऱ्यापेक्षा वहीवर विश्वास ठेवा.

खोली, अंथरूण आणि हात

रोग्याला न्हाणीघराच्या जवळ झोपवा. पावसाळ्यात खळ्यापलीकडच्या संडासापर्यंत रात्री म्हातारं माणूस जाऊ लागलं की घसरून मांडीचं हाड मोडतं आणि मूळ आजार बाजूलाच राहतो. कमोडची खुर्ची मिळाली तर आणा. नसेल तर बेडपॅन आणि झाकणाची बादली ठेवा.

गादीवर प्लॅस्टिक, त्यावर जुन्या लुगड्याची किंवा सुती साडीची चौपदरी घडी. जुलै-ऑगस्टमध्ये चादरी दोन दोन दिवस वाळत नाहीत, म्हणून अशा घड्या आधीच कराव्यात. दमट घडी पाठीखाली घालू नका. आपल्या दमट हवेत आधीच घाम मुरतो, त्यात ओलं कापड आलं की दोन दिवसांत कातडी सोलवटते. दर शौचानंतर कोमट पाण्याने धुवा, कापड दाबून पाणी टिपा, घासू नका, आणि खोबरेल तेलाचा किंवा झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर द्या. पावडर नको. ओल्या घडीत तिचे गोळे होतात आणि तेच टोचतात.

रोग्याचं शौच धुणाऱ्या हातांनी शक्यतो स्वयंपाक करू नये. आमच्या बायकांना हे सांगणं सोपं नाही, कारण बहुतेक घरांत दोन्ही कामं एकटीच्याच गळ्यात असतात. मग निदान साबणाने, बोटांच्या बेचक्यांसह, वीस सेकंद हात धुवा. नुसत्या पाण्याने किंवा राखेने भागवू नका. बेडपॅन धुवायला एक लिटर पाण्यात साधारण १५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट मोठा चमचा, ब्लीचिंग पावडर कालवा आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. हे पाणी ॲसिडमध्ये किंवा दुसऱ्या कुठल्या क्लीनरमध्ये मिसळू नका, विषारी वायू होतो.

उलट्या-जुलाब

पहिल्या पावसाचं पाणी विहिरीत उतरतं तेव्हा, आणि पुन्हा गणपतीत, घरात वीस माणसं आणि विहीर तीच, अशा दोन वेळा आमच्याकडे गर्दी होते. प्रत्येकाला सलाईन हवं असतं. "सिस्टर, एक बाटली लावा नि सोडा." पण रोगी शुद्धीत असेल आणि पिऊ शकत असेल तर बहुतेकांना बाटलीची गरज नसते. ही गोष्ट १९७१ साली सिद्ध झाली. बांगलादेशच्या युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथे आले, कॉलरा पसरला, सलाईन संपलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं द्रावण पिंपांत कालवून रोग्यांच्या नातेवाइकांकरवीच पाजलं. तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. पाजणारे तुमच्या-आमच्यासारखेच घरचे लोक होते.

असंच मीठ-साखरेचं द्रावण म्हणजे ओआरएस. त्याचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, लहान पाकीट २०० मिलीसाठी. पाकिटावर वाचा आणि तेवढ्याच पाण्यात सगळं एकदम घाला. "थोडं थोडं लागेल तसं" हा प्रकार धोक्याचा, मिठाचं प्रमाण बिघडतं. पाणी उकळून गार केलेलं हवं. केलेलं द्रावण २४ तासांत संपवा, उरलं तर झाडाला घाला. त्यात वरून साखर, लिंबू, कोकम काही घालू नका. दुकानात टेट्रापॅकमध्ये मिळणारी गोड पेयं ओआरएस नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरायला मनाई केली ती याचसाठी. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. मीठ चुकून जास्त पडू देऊ नका, विशेषतः मुलांसाठी. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून टाका आणि नव्याने करा.

किती पाजायचं? दोन वर्षांच्या आतल्या मुलाला दर पातळ शौचानंतर ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली, मोठ्यांना तहान भागेपर्यंत आणि वर थोडं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्याने, दोन-तीन मिनिटांनी एक चमचा, असं सुरू करा. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. तहानलेला रोगी पेला हिसकावून गटागटा पितो, लगेच उलटतो, आणि घरचे म्हणतात की याच्या पोटात काहीच ठरत नाही. चमच्याने पाजणं हे कंटाळवाणं काम आहे, तासभर बसावं लागतं. त्याला पर्याय नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध बंद करू नका, उलट जास्त वेळा पाजा. मुलांना जुलाबात झिंकच्या गोळ्याही देतात: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहान बाळाला १० मिलिग्रॅम, चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून पाकीट फळीवर टाकू नका. आशाताई किंवा उपकेंद्राकडे ओआरएस आणि झिंक दोन्ही मिळतं.

पाणी कमी पडतंय हे कसं ओळखायचं: डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की हळू जागेवर जाते, मूल आधी किरकिरं आणि मग सुस्त. म्हाताऱ्यांच्या कातडीवर जाऊ नका, ती एरवीही सैलच असते. त्यांची जीभ आणि लघवी बघा. सहा-आठ तासांत लघवी नाही, तर वही उचला आणि निघा.

जुलाब थांबवायच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नका. रक्त किंवा ताप असताना त्या घाण आतच कोंडतात, आणि लहान मुलांना तर द्यायच्याच नाहीत. मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्याही नकोत. रोग्याला मधुमेह, बीपी किंवा हृदयाचा आजार असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा की लघवीची गोळी, बीपीची गोळी, मेटफॉर्मिन चालू ठेवायचं का. शरीरातलं पाणी आटलेलं असताना यांतल्या काही गोळ्यांनी किडनीवर ताण येतो. इन्सुलिन मात्र न विचारता बंद करू नका. हृदयाच्या किंवा किडनीच्या रोग्याला पाणी किती पाजायचं तेही विचारूनच ठरवा.

तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके, लोंढ्याने होणारे जुलाब, किंवा एकाच वाडीत दोन-तीन घरांत एकदम लागण, असं काही दिसलं तर लगेच आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घालायचं असतं आणि ते घालून तासभर पाणी उपसायचं नसतं. पाण्याला वास येतो म्हणून टीसीएल घालू न देणारे महाभाग प्रत्येक वाडीत असतात.

माशांचा एक प्रकार वेगळा ओळखा. बांगडा किंवा कुपा बर्फाविना तापत राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल, अंगाला खाज, डोकं ठणकतं आणि जुलाब. श्वासाला त्रास नसेल तर बहुधा काही तासांत ओसरतं, पण डॉक्टरांना "मासा खाल्ला होता, किती वेळापूर्वी" हे सांगाच.

पेज, आटवल आणि बाकीचं

जुलाबात उपाशी ठेवू नका. आपल्या कोकणात या बाबतीत आजीबाईचं शहाणपण बरोबर निघालं: उकड्या तांदळाची पेज. मूठभर तांदूळ, भरपूर पाणी, शितं बोटाने चुरडतील इतकी शिजवा, मीठ घाला. पहिल्या दिवशी वरचं पाणी, मग शितांसकट. दर दोन तासांनी अर्धी वाटी, एकदम ताट भरून नाही. उलटी थांबून बारा तास झाले की मुगाच्या डाळीची आटवल म्हणजे मऊ खिचडी, उकडलेलं केळं, दही-भात. नाचणीची पातळ आंबील पुढच्या टप्प्यावर.

सोलकढी नाही. पाचक म्हणून ती सगळे आणून देतात, पण नारळाचं दूध म्हणजे चरबी, वर कोकमाचं आंबट आणि मिरची, लसूण. जळजळ असणाऱ्याला आणि जुलाब चालू असणाऱ्याला दोघांनाही ती त्रास देते. बरं वाटल्यावर प्यावी की! शहाळ्याचंही तेच. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम फार कमी, त्यामुळे ते ओआरएसची जागा घेत नाही. किडनीच्या रोग्याला आणि बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्याला तर ते विचारल्याशिवाय देऊच नये. कुळथाची पिठी, फणस, काजू, सुकं मटण हे सगळं आठवडाभर बाजूला.

पोटात दुखतंय

कुठे दुखतं ते रोग्याला एका बोटाने दाखवायला सांगा आणि वहीत लिहा. दुखणं आधी बेंबीभोवती आणि मग उजव्या बाजूला खाली सरकलं, भूक मेली, उलटी दुखण्यानंतर आली, तर अपेंडिक्सची शंका घ्या. अशा पोटाला शेक देऊ नका, एरंडेल देऊ नका, जुलाबाचं कसलंही औषध देऊ नका. आतडं फुटू शकतं. पोट फळीसारखं ताठ झालं, हात लावू देत नाही, गॅस आणि शौच दोन्ही बंद आणि पोट फुगतंय, हिरवी उलटी होतेय, यांपैकी काहीही दिसलं तर तोंडाने काहीही न देता निघा. वेदनाशामक गोळीही नाही, पाण्याचा घोटही नाही, फक्त ओठ ओले करा. शस्त्रक्रिया लागलीच तर पोट रिकामं असणं फायद्याचं.

जुनी जळजळ असणाऱ्या रोग्याच्या गोळ्यांची पिशवी उपडी करून बघा. गुडघेदुखीच्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या दुकानातून मागून महिनोन्महिने घेणारी माणसं आमच्याकडे खूप. त्यांनी जठराला जखम होते. शौच डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची झाली किंवा उलटी कॉफीच्या गाळासारखी आली, तर तो आतला रक्तस्राव आहे, वाट बघायची नाही. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होते, पण ती चिकट नसते. पँटोप्राझोलसारखी गोळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी द्या, नाश्त्यानंतर दिली तर तेवढी लागू पडत नाही. रात्री जेवण झोपण्याच्या तीन तास आधी, आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवा. नुसत्या उशा वाढवल्या तर पोट दुमडतं आणि जळजळ वाढते.

खिळलेल्या माणसाचं बद्धकोष्ठ

इथे एक फसवी गोष्ट घडते. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना आठवडाभर शौच नाही, आणि मग दिवसभर थोडं थोडं पातळ गळत राहतं. घरचे जुलाब समजून थांबवायची गोळी देतात. खरं तर गुदाशयात दगडासारखा खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ झिरपत असतं. वही असेल तर हे लगेच कळतं, कारण शेवटची घट्ट शौच कधी झाली ते तिथे असतं. अशा वेळी नर्सला बोलवा, एनिमा किंवा हाताने खडा काढणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे.

एरवी रोज सकाळी चहा-नाश्त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी कमोडवर बसवा, तेव्हा आतडं आपोआप हलतं. पायांखाली पाट द्या, गुडघे कमरेपेक्षा वर हवेत. घाई करू नका आणि दार लोटून घ्या, लाजेने रोगी कोंडून धरतो. इसबगोल द्यायचं तर पेलाभर पाण्यासोबत, आणि जो माणूस पाणीच पीत नाही त्याला ते देऊ नका.

कावीळ, आणि पोटात पाणी

पावसाळ्यातली कावीळ बहुधा दूषित पाण्यातून आलेली हिपॅटायटिस ए किंवा ई. विषाणू शरीरात शिरल्यापासून दोन ते सहा आठवड्यांनी, ईच्या बाबतीत कधी त्याहूनही उशिरा, डोळे पिवळे होतात, म्हणजे जे पाणी प्यायलं ते विसरूनही गेलेलं असतं. या विषाणूंना मारणारं औषध नाही, बहुतेकांची आपोआप बरी होते. म्हणूनच कावीळ उतरवणाऱ्यांचं फावतं. माळ घातली तरी फार बिघडत नाही, पण डोळ्यांत, नाकात रस घालणं आणि पाल्याचा कसला तरी रस पाजणं नको, आजारलेल्या लिव्हरला ते झेपत नाही. हळद आणि तेल महिनाभर बंद करण्याचीही गरज नाही. भूक असेल ते साधं अन्न द्या. सकाळी भूक बरी असते, मुख्य जेवण तेव्हा. पॅरासिटामॉल विचारल्याशिवाय नको, दारू अजिबात नको.

गरोदर बाईला कावीळ झाली तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. हिपॅटायटिस ई शेवटच्या तीन महिन्यांत जीवघेणा ठरू शकतो. आणि लावणीचं चिखलातलं काम केलेल्या माणसाला ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणं, डोळे लाल आणि मग पिवळे, असं झालं तर ती साधी कावीळ धरू नका. लेप्टोस्पायरोसिस असू शकतो, आणि त्याला वेळेत औषध आहे.

दारूने लिव्हर खराब होऊन पोटात पाणी झालेला रोगी ही सगळ्यात अवघड शुश्रूषा. रोज सकाळी लघवीनंतर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. मीठ कमी करायचं म्हणजे आमटीतलं चिमूटभर कमी करून चालत नाही. सुका बांगडा, सोडे, जवळा, पापड, लोणचं घरात दिसलं की रोगी खाणारच. मुंबईहून आलेला भाऊ प्रेमाने सोडे तळून घालतो आणि चार दिवसांत पोट टम्म होतं. डाळ, अंडी, ताजे मासे मात्र आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच करा. रात्री झोपताना थोडं काही खायला द्या, लांब उपास या रोग्याला सोसत नाही. लॅक्ट्युलोजचं पातळ औषध असेल तर दिवसाला दोन-तीन मऊ शौच हे माप धरा. रोगी दिवसा झोपतो आणि रात्री जागतो, नाव विसरतो, सही वाकडी येते, पुढे धरलेले हात पंख फडफडल्यासारखे हलतात: डोक्यावर परिणाम सुरू झालाय. झोपेची गोळी देऊ नका, दवाखान्यात न्या.

नाकातली नळी

नळीने अन्न देताना रोग्याला उशांच्या टेकूने ३० ते ४५ अंश वर करा आणि संपल्यावरही किमान अर्धा तास तसंच ठेवा. नाकाजवळची खूण सरकलेली नाही ना ते आधी बघा. गाळलेलं पातळ अन्न एका वेळी २०० ते २५० मिली, स्वतःच्या वजनाने उतरू द्या, पिचकारीने दाबू नका. आधी आणि नंतर ३० मिली कोमट पाणी. खोकला आला किंवा दम लागला की लगेच थांबा. नळी निघाली तर घरी परत घालायची नाही.

कधी निघायचं

डॉक्टर सांगतात, त्रास वाढला तर घेऊन या. कोकणात हा हिशेब उलटा मांडावा लागतो. पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून रस्ता गाठायचा, कधी खुर्चीला बांबू बांधून डोलीतून, व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, पाणी असेल तर वळसा, मग १०८ ची वाट, मग रत्नागिरी किंवा ओरोसचं जिल्हा रुग्णालय. तिथून पुढे पाठवलं तर घाट चढून कोल्हापूर, नाहीतर गोव्यातलं बांबोळीचं मोठं रुग्णालय. दुपारी चारला "सकाळपर्यंत बघू" असं मनात आलं, तर चारलाच निघा. रात्री दोनला त्याच रोग्याला चौघांनी उचलून अंधारात उतरवणं सगळ्यांनाच महाग पडतं.

वर दिलेल्या धोक्याच्या खुणांत एवढी भर घाला: शौचात रक्त, दर वेळी उलटून पडणारं ओआरएस, गुंगी, थंडगार हातपाय, थांबत नाही असा ताप. १०८ ला फोन करताना वाडीचं नाव सांगून थांबू नका. गाव, तालुका, जवळचं देऊळ किंवा शाळा, आणि गाडी कुठवर येते ते सांगा, आणि एक माणूस बॅटरी घेऊन रस्त्यावर उभा करा. पिशवीत वही, चालू गोळ्यांच्या पट्ट्या जशाच्या तशा, जुने रिपोर्ट, आधार कार्ड आणि रेशन कार्ड, म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसत असेल तर धावपळ होत नाही. चार जुन्या साड्यांच्या घड्या आणि एक झाकणाचा डबा गाडीत असू द्या. शुद्ध हरपत असेल तर रोग्याला डाव्या कुशीवर झोपवा, तोंड किंचित खाली, म्हणजे उलटी श्वासनळीत जाणार नाही. आणि जो माणूस रात्री जागला होता तोच सोबत जाऊ दे, वहीत राहून गेलेलं त्याला विचारता येतं.